मीठ माझ्यासमोर टाका

पंचफुलाबाई गजभिये नावाची बाई अस्तित्वातच नाही, असा निकाल एका यंत्राने दिला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्यामुळे साक्षीदार म्हणून बोलायला मला हरकत नसावी.

हुडकेश्वरच्या चौकात आधारचं एक केंद्र आहे. तिथल्या काचेच्या लहानशा यंत्रावर बाईंनी उजवा अंगठा ठेवला, यंत्राने लाल दिवा दाखवला. डावा ठेवला, पुन्हा लाल. मग एकेक करत दहाही बोटं झाली. काउंटरवरची मुलगी ओला कपडा देत होती, "जोरात दाबा मावशी" म्हणत होती, आणि रांग मागे वाढत होती. बाईंच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू होत्या. त्या गोळ्यांनी तळहातांची कातडी सोलून निघाली होती आणि तिच्याबरोबर बोटांवरच्या रेषाही गेल्या होत्या. असं होतं म्हणे कधी कधी, पण हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! शेवटी ती मुलगी चाचरत म्हणाली, "मावशी, सिस्टीम म्हणून राहिली का हे हात तुमचे नाहीत."

बाईंनी आपले दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघितले, दुकानात कापड बघावं तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या गुरुजी. आता मी कोणाचा खून जरी केला तं पोलिसाले सापडत नाई. सांगा, कोणाचा करू?"

रांगेतल्या एका गृहस्थाने लगेच हात वर करून आपल्या भाडेकरूचं नाव सुचवलं. नंतर डोळ्यांच्या यंत्राने बाईंना ओळखलं आणि काम झालं, पण घरी येईपर्यंत त्या गाडीत बसून खुनाची यादी करत होत्या. तिसऱ्या क्रमांकावर मी होतो.

त्या आता नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही उगाच धास्ती धरून बसणार नाही. माझी बायको मंगला अजून अधूनमधून म्हणते की बाई वरून बघत असतील. बाईंनी ते ऐकलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "वर-बिर काई नसते वं मंगलाबाई, वर पाण्याची टाकी असते." वर्षानुवर्षं दर पौर्णिमेला विहारात जाणारी आणि 'जय भीम' म्हटल्याशिवाय फोन न उचलणारी बाई होती ती. तिच्यापुढे वरच्या गोष्टी चालायच्या नाहीत.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, त्यांचा आणि माझा प्लॉट लागून. मी निवृत्त भूगोल शिक्षक, मूळचा नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. बाई लंबी रोटी करायच्या. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही रोटी लाटत नाहीत. गव्हाचं पीठ चांगलं सैल भिजवायचं, परातीत आपटून आपटून त्याला तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन असा झुलवत ताणायचा की तो बोटांपासून कोपरापर्यंत धोतरासारखा लोंबायला लागतो. तो चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर एका झटक्यात फेकायचा. बाईंची रोटी हातांवर झुलायला लागली की तिच्यातून पलीकडचा जाळ दिसायचा. पाहुणे जेवण सोडून चुलीभोवती उभे राहायचे. त्यांच्या हाताखाली तिघीजणी होत्या. इंदू, रमा आणि सून शीतल. कोणत्याही लॉनवर लग्न असो, एका कोपऱ्यात या चौघी आणि त्यांची मडकी, आणि तिथून हसण्याचा असा खकाणा उठायचा की मांडवातल्या भटजीला मंत्र थांबवावा लागे.

आता ज्या बाईचं सगळं आयुष्य दोन हात, दहा बोटं आणि एका जिभेवर उभं, तिला गाठावं तर कोणत्या रोगाने? डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्तन गेला, बरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. त्यामुळे डावा हात सुजायला लागला. डॉक्टरांनी बजावलं की या हाताला आच लागू द्यायची नाही, वजन उचलायचं नाही, सुईसुद्धा टोचून घ्यायची नाही. वर हातभर लांब घट्ट मोजा दिला. बाई त्याला 'हाताचा पायजमा' म्हणायच्या.

मुलगा प्रवीण कन्हानला खाणीत कामाला, त्याची पाळी कधी कोणती ते त्यालाच ठाऊक नसायचं. त्यामुळे दवाखान्याची ने-आण माझ्या जुन्या गाडीतून व्हायची. मी गाडी जपून चालवतो. "गुरुजी," त्या मागून म्हणायच्या, "कॅन्सर मोटरसायकलवर पुढं निघून गेला न. तुम्ही अजून दुसऱ्या गिअरवर."

केमो सुरू झाली आणि एकेक त्रास हजर व्हायला लागला. बाईंनी त्या सगळ्यांचं मिळून नाव ठेवलं 'वरपक्ष'. मळमळ म्हणजे जावई, त्याचा मान ठेवावाच लागतो. तोंड येणं म्हणजे वरमाय, ती आली की घरात कोणी सुखाने घास घेऊ शकत नाही. बोटांना मुंग्या येणं म्हणजे बारकी पोट्टी, सारखी पायात पायात. आणि केस जाणं म्हणजे बँडवाले, नुसता गाजावाजा, घाबरायचं काही कारण नाही. मी सकाळी कुंपणावरून विचारायचो, "आज कोण कोण आलंय?" त्या तिकडून यादी सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "आज जावई एकटाच आहे जी. पण मुक्कामाले आला वाटते."

तोंड आल्याचं ऐकून मी गावाकडून भावाला सांगून संत्र्याची पेटी मागवली. आमच्या घराण्यात पडसं, कावीळ, नापास होणं या सगळ्यांवर संत्रं हाच उपाय आहे. बाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि अंगणभर नाचल्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, घराले आग लागली अन् तुम्ही घासलेट घेऊन आले!" पेटी मात्र परत दिली नाही. लेआउटमधल्या सगळ्या पोट्ट्यांना वाटली, आणि प्रत्येकाला सांगितलं की गुरुजींनी मला मारायला आणली होती.

केस गेल्यावर त्यांनी टोप घ्यायला साफ नकार दिला. पौर्णिमेला तशाच विहारात गेल्या, अंगावर नेमकी केशरी साडी. तिथे बाहेरगावाहून आलेली एक म्हातारी होती. तिने या तुळतुळीत डोक्याच्या बाईला बघितलं, कोणी भिक्खुणी आल्या असं समजून जवळ आली आणि पायावर डोकं ठेवलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि गंभीर आवाजात "मंगल हो" म्हणून आशीर्वाद दिला. मागोमाग आणखी दोघी रांगेत! भंतेजी लांबून हे बघत होते. ते जवळ येऊन म्हणाले, "पंचफुलाबाई, दीक्षा कधी घेतली?" बाई म्हणाल्या, "दवाखान्यात, भंतेजी. सलाईनमधून." भंतेजी इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. बाईंनी मग त्या म्हातारीला शोधून काढलं, खरं काय ते सांगितलं आणि तिच्याच पाया पडल्या. म्हातारी म्हणाली की आशीर्वाद राहू द्या, मी परत देणार नाही.

पण मला सांगायची आहे ती मिठाची गोष्ट.

त्याच दिवसांत आमच्या लेआउटमधल्या एका मुलाचं लग्न होतं आणि रोट्या अर्थात बाईंकडे. हाताने ताणायला बंदी, म्हणून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडणार आणि तिघी काम करणार असं ठरलं. पीठ भिजवून मीठ घालणं मात्र बाईंनी स्वतःकडे ठेवलं. आता केमोत त्यांच्या जिभेची चव गेली होती. सगळं त्यांना पत्र्यासारखं लागायचं. पण तीस वर्षं मुठीच्या अंदाजाने मीठ घातलेलं, त्यासाठी जीभ कशाला लागते? त्यांनी नेहमीसारखं मीठ घातलं आणि हात धुवायला नळावर गेल्या.

तेवढ्यात इंदूच्या मनात आलं, बाईचं आजकाल चित्त ठिकाणावर नसतं, मीठ विसरली असणार. विचारावं तर तिला वाईट वाटेल. तिने हळूच एक मूठ घातली. ती लाकडं आणायला वळली, तर रमाच्या मनात तेच आलं. तिने एक मूठ घातली. शीतल तर सूनच. सासूबाईंची चूक चारचौघांत दिसू नये म्हणून तिने इकडेतिकडे बघत पदराआडून एक मूठ घातली, आणि वर थोडं.

पहिली पंगत बसली. मी त्या पंगतीत होतो. वांग्याच्या भाजीत रोटी बुडवून पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आजूबाजूला बघितलं तर सगळेच हेलावलेले. कोणी काही बोलेना, कारण रोटी कोणाच्या हातची हे सगळ्यांना माहीत होतं आणि बाई समोरच खुर्चीवर बसून "वाढा वं, वाढा" म्हणत होत्या. माणसं घास पाण्याने गिळत होती आणि म्हणत होती, मस्त आहे, मस्त आहे. दहा मिनिटांत मठ्ठ्याचं पातेलं संपलं. नवरदेवाचा मामा तर पाण्याचा जग घेऊनच बसला. शेवटी एका चार वर्षांच्या मुलीने रोटीचा तुकडा ताटात थुंकून भर मांडवात सांगितलं, "आई, हे मिठाचं आहे."

बाई उठल्या. परातीजवळ गेल्या. स्वतः चाखण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिघींना समोर उभं केलं आणि विचारलं, "मीठ कोणं टाकलं?"

इंदू म्हणाली, "मी, बाई. एक मूठ." रमाने इंदूकडे बघितलं आणि म्हणाली, "म्या बी टाकलं न वं." शीतल नुसती रडायला लागली.

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. "मी मेली का?" त्यांनी विचारलं. "नाई मेली न? मंग माझ्या मागं काहून मीठ टाकता वं? तोंडावर सांगा ना, फुलाबाई, मीठ पडलं नाई. मी का लाजाळूचं झाड आहो? मले माझ्या रोगाची कीव नोको. आजपासून मीठ टाकाचं तं माझ्यासमोर टाकाचं."

एवढं बोलून त्यांनी नवीन पीठ अळणीच भिजवायला लावलं, खारट गोळ्यात ते मिसळून मिसळून बेत सांभाळला, आणि दुसरी पंगत व्यवस्थित उठवली. हसल्या त्या घरी येताना. गाडीत अचानक सुरुवात झाली, "त्या मामाचा जग पाहिला का जी!" आणि मग चौघी अशा हसत सुटल्या की मला गाडी कडेला घ्यावी लागली. तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत नियमच झाला. कोणी काही लपवताना दिसलं की बाई बोट रोखून म्हणायच्या, "मीठ टाकून राहिले का?"

पुढची पाच वर्षं चांगली गेली. केस आले, ते कुरळे आले आणि बाईंनी त्याचं श्रेय आमच्या संत्र्यांना दिलं. हात जपूनच असायचा. ताणायचं काम तिघींकडेच राहिलं आणि बाई खुर्चीवरून राज्य करत राहिल्या. तरी मडक्याजवळ बसल्या की त्यांचे हात आपोआप हवेत हलायचे. "फाटून राहिली वं, कोपर वर घे, कोपर!" करता करता स्वतःच अर्ध्या उठायच्या. एकदा मला म्हणाल्या की बाकी काय गेलं त्याचं काही नाही, पण शेवटची रोटी आपण कधी फेकली हे आठवत नाही. तेव्हा ती शेवटची आहे हे ठाऊक असतं तर नीट बघून घेतली असती.

मग पाठ दुखायला लागली. तपासणी झाली. रिपोर्ट आधी प्रवीणच्या मोबाइलवर आला आणि त्याने तो मला पाठवला, कारण मला इंग्रजी येतं. रोग परत आला होता, या वेळी हाडांत. प्रवीण फोनवर रडत होता. "काका, आईले सांगू नका. मी सुट्टी काढून येतो अन् मीच सांगतो. दोनच दिवस." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाई छापील कागद घेऊन स्वतः कुंपणाशी हजर. "वाचा गुरुजी, का म्हणते?"

एकतीस वर्षं मी मुलांना नकाशे शिकवले, नदी उगम पावते कुठे आणि मिळते कुठे हे कधी खोटं सांगितलं नाही. त्या कागदाकडे बघत मी म्हटलं, "वयोमानाने हाडं झिजली आहेत, असं लिहिलंय."

"एवढंच? दोन पानं लिहिले न."

"इंग्रजीला जागा जास्त लागते," मी म्हटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. प्रवीणचे दोन दिवस लांबत गेले. सुट्टी मिळेना, आणि खरं तर त्याची हिंमतही होईना. बाईंनी तेवढ्यात घराचं रंगकाम काढलं, पाठीला तेल लावून स्वतः शिडी धरत होत्या. आमच्या लेकीचं, सायलीचं लग्न ठरलेलं होतं, त्याचीही आखणी सुरू झाली. आम्ही तिघं, म्हणजे मंगला, बाई आणि मी, रोज दुपारी पत्ते खेळायचो, तीन-दोन-पाच. मी पत्त्यांत चोरी करतो. हे सगळ्या लेआउटला माहीत आहे आणि मला त्याची लाजही वाटत नाही. बाई मला रोज पकडायच्या आणि रोज भांडण व्हायचं.

नवव्या दिवशी बाईंनी हातातले पत्ते खाली ठेवले.

"गुरुजी, तुम्ही आठ दिवस झाले चोरी केली नाई."

"सुधारलो," मी म्हटलं.

"कालपासून मले जिंकू देऊन राहिले. दोनदा संत्रे आणले." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मीठ टाकलं न तुम्ही?"

मला खोटं पुढे रेटता आलं असतं, पण माझा चेहरा आधीच पडला होता. मी सगळं सांगितलं. मंगलाला मी सांगितलं नव्हतं, तिने तोंडावर पदर घेतला. बाई ओरडल्या नाहीत, साध्या आवाजात म्हणाल्या, "नऊ दिवस. माझे होते न जी थे नऊ दिवस. मी भिंतीले रंग देत बसली. का केलं असतं थे माझं मी पाहिलं असतं."

आयुष्यात मला इतकी शरम कधी वाटली नाही. त्या उठून गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही कुंपणाशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "ओ गुरुजी! वरपक्ष परत आला म्हणते. काई विसरले असतील."

मी कुंपणाकडे धावलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई, तरुण होत्या त्या, सवयीप्रमाणे प्रवीणला आणि मला जरा बाहेर या म्हणाल्या. आतून आवाज आला, "डॉक्टरबाई, मीठ इथंच माझ्यासमोर टाका." त्या गोंधळून परत आत आल्या. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवून मिठाची अख्खी गोष्ट मामाच्या जगासकट सांगितली. बाहेर पेशंटची रांग. डॉक्टरीणबाई डोळे पुसत हसल्या आणि मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून सगळं समोर सांगितलं. रोग मुळापासून जाणार नाही. गोळ्यांनी दाबून ठेवता येईल. किती दिवस ते आत्ता सांगता येणार नाही. त्यातले बरेच चांगले जातील, आणि ते कसे घालवायचे ते बाईंनी ठरवायचं.

"मले एक रोटी पायजे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना वाटलं भूक लागली. मग बाईंनी टेबलावरची हिरवी चादर उचलली, दोन्ही हातांवर घेतली आणि तिथल्या तिथे रोटी कशी ताणतात ते करून दाखवलं. चादर औषधांच्या बाटल्यांवरून झुलली, नर्सने एक बाटली वरच्या वर झेलली. गुरुजींच्या पोरीच्या लग्नात स्वतःच्या हाताने एक रोटी फेकायची आहे, एवढंच मागणं होतं. डॉक्टरीणबाईंनी मोजा, सूज, आच सगळं समजावलं. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "समजलं. तरी एक." खूप घासाघीस झाली. शेवटी ठरलं की गोळ्यांना मधे जो सुट्टीचा आठवडा असतो त्यात, एकच, मोजा तेवढ्यापुरता काढायचा, रोटी मडक्यावर फेकली की मागे सरकायचं आणि उचलेल दुसरी कोणी. लग्नाची तारीख मग आम्ही त्या आठवड्याला बघून धरली. व्याह्यांना मुहूर्ताचं कारण सांगितलं, ते एका अर्थी खरंच होतं.

गोळ्यांनी तळवे सोलले, पावलं सोलली, अंगठ्याच्या रेषा गेल्या आणि ते यंत्राचं प्रकरण झालं, ते याच दिवसांतलं. बाई रोज तळव्यांना मलम चोळायच्या आणि सायलीला म्हणायच्या, "तुझ्या लग्नात माझ्या मेंदीचा खर्च वाचला वं, काढाले मले तळवाच नाई राहिला." सायली रडायला लागली की तिच्या नाकाला मलम लावायच्या.

लग्नाच्या दिवशी दुपारी लॉनच्या कोपऱ्यात मडकं तापलं. त्या एका रोटीचं पीठ बाईंनी वेगळं, स्वतः भिजवलं होतं. "माझ्या परातीले कोणी हात लावला तं याद राखा," अशी सकाळीच तंबी. तिघी हात मागे बांधून उभ्या होत्या. सायली शालूत, जावई फेट्यात, प्रवीण चुलीच्या या बाजूला आईला धरायच्या तयारीत. डॉक्टरीणबाईसुद्धा आल्या होत्या. आम्ही पत्रिका दिली होती, पण मला वाटतं त्या पहारा द्यायला आल्या होत्या.

बाईंनी मोजा उतरवून मंगलाकडे दिला. गोळा उचलला. बोटांना धड काही समजत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या हातांकडे बघत होत्या, पूर्वी कधी बघत नसत. तरी हात झुलायला लागले. पीठ मनगटावर आलं, कोपराकडे निघालं, पातळ झालं, आणि त्यातून मला पलीकडे उभ्या सायलीचा शालू लाल दिसला. मग मधोमध एक भोक पडलं, वाढत गेलं, आणि बाईंनी ती तशीच फेकली. अर्धी मडक्यावर पडली, अर्धी बाहेर लोंबली.

टाळ्या सुरू झाल्या. इंदूने रोटी उचलली, तुकडे केले, सगळ्यांच्या हातात दिले. जो तो चावत होता आणि मान डोलवत होता. वा बाई, मस्त, पहिल्यासारखी. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, फार छान. बाई घामाने डबडबल्या होत्या, डावा हात छातीशी धरला होता. त्यांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"गुरुजी, कशी झाली?"

माझ्या तोंडात तुकडा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंगलाने मागून माझा सदरा ओढला.

"फाटली," मी म्हटलं. "आणि मिठाचा कणसुद्धा नाही."

बाईंनी तिघींकडे बघितलं. "अन् तुम्ही?"

"आम्ही तं टाकलंच नाई," इंदू म्हणाली. "तुम्हीच म्हणाल्या न, हात नोका लावू."

बाई हसायला लागल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग त्या हसत हसत खाली उकिडव्या बसल्या, प्रवीण धरायला धावला आणि तोही हसायला लागला, आणि एकदा चार जणींचं मीठ आणि एकदा कोणाचंच नाही, हे ज्याला ज्याला समजत गेलं तो तो त्यात सामील झाला. मला हसता हसता रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता कसं बोलले जी," बाई डोळे पुसत म्हणाल्या आणि उठल्या. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून एक बोट वर केलं. "थे अळणी होती डॉक्टरबाई. थे गिनतीत नाई." डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडे बघितलं. "इंदे, मीठ आण. इथं टाक, सगळ्यायसमोर."

त्यांनी उजवा तळवा पसरला, गुलाबी, चिरा पडलेला, एकही रेघ नसलेला. इंदूने चिमूट चिमूट करत मीठ ठेवलं. बाईंचा श्वास आत ओढला गेला.

"झोंबलं का, बाई?"

"झोंबते न वं," त्या म्हणाल्या, आणि मूठ मिटून माझ्याकडे बघत जोरात सांगितलं, "त्या यंत्राले सांगा जी गुरुजी, हात माझाच आहे."

मग परातीवर वाकल्या आणि दुसरा गोळा उचलला.